लेबलावरचं नाव

सान ओनोरियो टेकडी, लिमा
२४ मार्च १९९७

प्रिय सेनोबिया,

खोकी पोचली. अकराच्या अकरा. बंदरावरून सुटायला सहा आठवडे लागले आणि टेकडी चढायला एक सकाळ. ट्रक पाण्याच्या टाकीपर्यंतच येतो हे तुला ठाऊक आहे. तिथून वर बायकांनी पुस्तकं चादरीत बांधून, पाठीवर मूल घेतात तशी आणली. सहाशे बारा भरली. तुझ्या भावानं पाडकामांवरून उचलून आणलेली चाळीस त्यात धरली, तर वरच्या खोलीत आता जमिनीपासून चटईच्या छपरापर्यंत पुस्तकंच पुस्तकं आहेत. तू आणि तुझ्या मालकीणबाईंनी माद्रिदमध्ये बसून हे सगळं जमवलंत, देव तुमचं भलं करो.

खोकी आली आणि दुसऱ्याच दिवशी मी गावी गेले. तुझ्या भावाला, तेओफिलोला, जाऊन दोन वर्षं झाली, त्याच्या नावाची प्रार्थना सांगितली होती. चार दिवसांनी परतले, खोलीचं दार उघडलं आणि मला वाटलं, माझे डोळे गेले. सगळी खोली निळी!

एर्मेलिंदाची करणी. सामुदायिक स्वयंपाकघर ती चालवते ना, तिनं बायका जमवल्या. म्हणाली, "ताई, शाळा उघडतायत. नवी पुस्तकं अशी उघडी ठेवायची का? पोरं तेलकट हातांनी धरतील, मग तूच ओरडशील." मार्च महिना, घराघरांत वह्यापुस्तकांना कव्हरं घालणं चाललेलंच होतं. त्याच हाताने त्यांनी आपली सहाशे बावन्न उरकली. वर डिंकानं चिकटवलेला निळा कागद, त्यावर चिकटणारं प्लास्टिक आणि कोपऱ्यात पांढरं लेबल. काम इतकं साफ की एकाही कोपऱ्याला सुरकुती नाही.

गंमत पुढेच आहे. लेबलावर "नाव" असं छापलेलं असतं आणि पुढे रेघ. तर बायकांनी त्या रेघेवर नावं लिहिली आहेत. पुस्तकांची नाहीत. पोरांची. विल्मेर, लिस्बेत, एड्वीन, नेल्ली. मी म्हटलं, "अगं बायांनो, इथे पुस्तकाचं नाव लिहायचं असतं!" एर्मेलिंदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ताई, मला तीनच शब्द लिहिता येतात. तिन्ही माझ्या लेकरांची नावं आहेत. तेच लिहिले."

आता कुठलं पुस्तक कुठलं, ते उघडल्याशिवाय कळत नाही. पण खोली दिसते मात्र सणासारखी. फोटो पाठवते आहे, तुझ्या बाईंना दाखव. हो, आणि प्रत्येक पुस्तकावर एका मिशीवाल्या गृहस्थाचा फोटो चिकटवलेला होता. दुकानदार असावा. तो आता झाकला गेला, एका परीनं बरंच झालं.

तुझी वहिनी,
बेनिग्ना


माद्रिद
१९ एप्रिल १९९७

वहिनींना नमस्कार,

तो दुकानदार नव्हे! ते आन्सेल्मो साहेब, कासिल्दाबाईंचे यजमान. तीन वर्षांपूर्वी वारले. सहाशे बारा पुस्तकांवर त्यांचा फोटो बाईंनी स्वतःच्या हातांनी चिकटवलाय. जेवणाच्या टेबलावर बसून, दोन महिने, चष्मा लावून. मी डिंक लावून द्यायचे आणि त्या चिकटवायच्या. त्याखाली काय लिहिलंय तेही तुम्ही वाचलं नाहीत वाटतं. "आन्सेल्मो साहेबांच्या स्मरणार्थ. वाचणाऱ्या मुलांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी."

मी मूर्खासारखी तुमचा फोटो घेऊन त्यांच्यापुढे गेले. म्हटलं, बघा, आमची माणसं कशी निगा राखतात. बाईंनी फोटो हातात घेतला आणि चष्मा लावून एकेक फळी बघितली. मग म्हणाल्या, "यांना पुस्तकं हवी होती. माझा नवरा नको होता." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

वहिनी, कव्हरं काढून टाका. एक आठवडा लागेल, पण काढा. मग नवा फोटो पाठवा, पुस्तकांचे चेहरे दिसतील असा. बाईंच्या देणगी मंडळात आणखी आठ खोकी तयार आहेत, ती यावर अडलीत. आणि फोटोत मागची भिंत येऊ देऊ नका. आली तर आधी पांढरी करा.

तुमची,
सेनोबिया


सान ओनोरियो
१२ मे १९९७

प्रिय सेनोबिया,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी खरंच एक पुस्तक घेऊन बसले. प्लास्टिक नखानं उचललं, तर त्याच्याबरोबर खालच्या चित्राचाही पापुद्रा निघाला. ही कव्हरं काढायची म्हणजे पुस्तकं सोलायची.

पण खरं कारण ते नाही. तुला खोटं सांगणार नाही. काढता आली असती तरी मी काढली नसती.

या सात आठवड्यांत इथे काय झालं ते ऐक. दुसऱ्याच दिवशी लिस्बेत, ती खालच्या गल्लीतली आठ वर्षांची, दोन वेण्यांची, एक पुस्तक उचलून आली आणि थेट विल्मेरपुढे उभी राहिली. "यावर तुझं नाव आहे. यात काय आहे?" विल्मेर बारा वर्षांचा घोडा. म्हणाला, "मला काय माहीत!" लिस्बेत म्हणाली, "मग नाव कशाला लावलंस?" सगळी खोली हसली. विल्मेर लाल झाला, पुस्तक तिच्या हातातून ओढून घेतलं आणि कोपऱ्यात जाऊन बसला. संध्याकाळी तिला शोधत तिच्या घरी गेला. "एक माणूस असतो, त्याची बोट असते, आणि चांगलं आहे. पण मधली वीस पानं सोड."

तेव्हापासून हाच कायदा झालाय. मी केलेला नाही, पोरांनी केला. ज्याचं नाव पुस्तकावर, त्यानं ते वाचायचं आणि कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं. कुणाच्या वाट्याला दहा पुस्तकं, कुणाच्या पंधरा. एड्वीनच्या आईनं त्याच्या नावावर बटाट्याच्या रोगांवरचं एक पुस्तक घातलंय, ते तुमच्या खोक्यात कसं आलं देव जाणे. तो बिचारा तेही वाचतो. परवा एक म्हातारा त्याला बटाट्याच्या किडीबद्दल विचारायला आला होता.

सेनोबिया, मी ही खोली दीड वर्ष चालवली. पोरं यायची, चित्रं बघायची, जायची. पुस्तक ज्यानं दिलं त्याचं, ज्यानं ठेवलं त्याचं, पोराचं कधीच नाही. आता ते त्यांचं आहे. आणि हे मी शिकवून झालं नाही. एर्मेलिंदाला तीनच शब्द येतात म्हणून झालं.

कासिल्दाबाईंना दुखवायचा आमच्यापैकी कुणाचाही हेतू नव्हता. त्यांना माझा नमस्कार सांग. त्यांच्या दुःखाबद्दल मला दुःख आहे, तेवढं मला कळतं. पण कव्हरं निघणार नाहीत.

भिंतीबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे, ती कळकट दिसते. पण इथे समुद्रावरून धुकं येतं. चुना लावला की पंधरा दिवसांत पुन्हा ओल धरते. तुझ्या बाईंनी ओलही पाहिली का?

तुझी वहिनी


माद्रिद
५ जून १९९७

वहिनी,

भिंतीचं तुम्हाला कळलं नाही. कळणार कसं, मीच सांगितलं नव्हतं.

बाईंना वाटतं, त्या भिंतीवर "आन्सेल्मो साहेब बाल वाचनालय" असं लिहिलेलं आहे. कारण मी तसं सांगितलंय. मागच्या वर्षी मी तुमच्या खोलीबद्दल पहिल्यांदा बोलले तेव्हा त्या फक्त "हं" म्हणाल्या होत्या. मग साहेबांचा वाढदिवस आला. बाई दिवसभर त्यांच्या खुर्चीकडे बघत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, की आमच्याकडच्या लोकांना वाचनालयाला त्यांचं नाव द्यायचंय. वहिनी, साहेब गेल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या. एका महिन्यात अकरा खोकी भरतील एवढी पुस्तकं जमली. तोपर्यंत तुम्ही पत्रातून चाळीस पुस्तकांना पन्नास पोरं म्हणून रडत होतात, ते आठवा. मग मला शिव्या द्या.

आता पुढचं. त्यांचे पुतणे इग्नासियो ऑगस्टमध्ये लिमाला येतायत, त्यांच्या कामानं. ते टेकडीवर येणार. पुस्तकं कागदोपत्री मंडळाची आहेत, तुम्ही पोचपावतीवर सही केलीत त्यात तसं आहे. नाव नसेल, फोटो दिसत नसतील, तर सगळी पुस्तकं ते शहरातल्या नन्सच्या शाळेला देऊन टाकणार. ट्रक ठरवूनच येणार आहेत. बाईंनी माझ्यासमोर सांगितलं.

एक आठवडा, वहिनी. फक्त एक आठवडा भिंतीवर ते नाव रंगवा. ते गेले की पुसा. तिथे दर निवडणुकीला भिंती रंगतात आणि पुसतात, कुणाला काय वाटणार आहे? पोरांच्या हातातली पुस्तकं जाण्यापेक्षा चार दिवस एका मेलेल्या माणसाचं नाव वाईट का?

आणि एक विचारते, राग मानू नका. ती खोली माझ्या दादानं बांधली. तुम्ही तिला त्याचंही नाव दिलं नाहीत. तुम्हाला कुणाचंच नाव चालत नाही का?

सेनोबिया


सान ओनोरियो
२८ जून १९९७

सेनोबिया,

तीन वेळा पत्र लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. पहिल्यात नुसता राग होता, दुसऱ्यातही. तिसऱ्यात मी तुला माफ केलं होतं, पण ते खरं वाटेना.

तू खोटं बोललीस. बाईच्या भल्यासाठी, आमच्या भल्यासाठी, समजलं. पण तू एका विधवेला तिच्या नवऱ्याबद्दल खोटं सांगितलंस. मला कुणी तेओफिलोबद्दल असं सांगितलं असतं आणि ते खोटं निघालं असतं, तर मी त्या माणसाचं तोंड पाहिलं नसतं. तेव्हा आधी जा आणि तिला खरं सांग. इग्नासियो येण्याआधी सांग.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

तुझा भाऊ परांचीवरून पडला त्यानंतरच्या सभेत लोकांनीच ठराव आणला होता, वाचनालयाला तेओफिलोचं नाव द्या. सगळ्यांचे हात वर. मी उठून नको म्हटलं. लोकांना वाटलं, बाई दुःखानं वेडी झाली. तुलाही कुणीतरी तसंच कळवलं असणार.

मी अकरा वर्षांची असताना जमीनदाराच्या घरी कामाला होते, हे तुला माहीत आहे. तिथे काचेच्या कपाटात पुस्तकं होती. प्रत्येकावर सोनेरी अक्षरांत मालकाच्या वडिलांचं नाव. ते मेलेले होते. मी ती पुस्तकं पाच वर्षं पुसली. एकदाही उघडली नाहीत. उघडू नको असं मला कुणी सांगितलंही नव्हतं, सांगायची गरजच पडली नाही. ते नाव पुरेसं होतं. वाचायला मी पुढे तिसाव्या वर्षी शिकले, बाजारातून मासळी बांधून यायची त्या वर्तमानपत्रांवर. त्या कागदांवर कुणाचं नाव नव्हतं. ते वास मारायचे, पण माझे होते.

दारावर मेलेल्याचं नाव आलं की आत येणारं मूल आवाज खाली घेतं. मला आवाज खाली घेणारी मुलं नकोत. तेओफिलोचंही नाव नको, मग दुसऱ्या कुणाचं कसं चालेल? तो मला रोज लागतो, सेनोबिया. गवती चहा अजून दोन कपांचाच उकळते आणि दोन्ही मीच पिते. त्याला आठवायला मला भिंत लागत नाही. आणि पोरांनी त्याला आठवावं असं मला वाटतही नाही. ती त्याच्या पश्चात खोलीत आली. त्यांचं त्याच्याशी काय?

एक आठवडाही नाही. एक दिवसही नाही. निवडणुकीच्या भिंतींचं म्हणशील, तर त्या रंगवून पुसून आम्हाला काय मिळालं तेही तूच सांग. पाण्याचा नळ अजून आलेला नाही.

ट्रक येऊ दे.

बेनिग्ना


सान ओनोरियो
२० ऑगस्ट १९९७

प्रिय सेनोबिया,

तुझं पत्र आलं नाही. म्हणजे तू रागावलीस, किंवा घाबरलीस. तरी लिहिते, कारण इग्नासियो तिकडे जाऊन त्यांच्या शब्दांत सांगतील, त्याआधी तू माझ्या शब्दांत ऐकावंस.

ते गेल्या शनिवारी आले. ट्रक टाकीपाशी थांबला आणि ते पायऱ्या चढून वर आले, चांगले बूट वाळूनं भरलेले. एर्मेलिंदा दारातच बटाटे सोलत बसली होती. म्हणाली, "साहेब, रिकाम्या हातांनी चढताना एवढा दम लागला, तर पुस्तकं घेऊन उतरताना काय होईल?" ते हसले. माणूस वाईट नाही, सेनोबिया. घामानं भिजला होता आणि पाणी मागायलाही लाजत होता. मी पाणी दिलं.

आत येऊन त्यांनी आधी भिंत बघितली. भिंतीवर ओल आणि पोरांनी खडूनं काढलेला एक मासा. पिशवीतून यादी काढली. म्हणाले, "सेन्योरा, ही मंडळाची मालमत्ता आहे. मला त्रास द्यायचा नाहीये. यादीप्रमाणे तपासतो आणि नेतो."

मी म्हटलं, "कागदोपत्री तुमची आहेत. सही माझी आहे, ती मी नाकारत नाही. न्या."

एर्मेलिंदानं चाकू खाली ठेवला. "ताई!" मी तिला हातानं थांबवलं. खरं सांगते, मी काही युक्ती योजली नव्हती. पोरांना कुणी काही शिकवलंही नव्हतं. मी फक्त ठरवलं होतं की लपवायचं नाही, विनवायचं नाही आणि हातभार लावायचा नाही.

ते पहिल्या फळीपाशी गेले. यादीत पुस्तकांची नावं, समोर नुसता निळा कागद. मग त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि लेबलावर होतं ते मोठ्यानं वाचलं, "विल्मेर."

विल्मेर ताडकन उभा राहिला. "हजर!"

शाळेची सवय. गुरुजी नाव घेतात आणि पोरं उभी राहतात. शनिवार म्हणून खोलीत चाळीसेक पोरं बसली होती. इग्नासियो दचकले. पुस्तक उघडून आत नाव शोधलं, यादीवर खूण केली, दुसरं उचललं. "नेल्ली." "हजर!" तिसरं. "एड्वीन." "हजर! त्यात बटाट्याला कीड लागते. सगळ्यात वाईट पान चाळीसवर आहे."

तिथून सुरू झालं. नाव घेतलं की पोर उठणार, हजर म्हणणार आणि आत काय आहे ते सांगणार. आमच्या खोलीत उभं राहायचं तर तेच करायचं असतं, त्यांना दुसरं काही माहीतच नाही. इग्नासियोंनी आधी घाईघाईनं "बरं बरं" केलं. मग थोडं ऐकू लागले. एका पुस्तकाचं प्लास्टिक त्यांनी ओढून काढलं, चित्राचा अर्धा कोल्हा त्याच्याबरोबर गेला आणि खालून त्यांच्या काकांचा फोटो निघाला, मिशीसकट. लिस्बेत जवळ आली, मान वाकडी करून बघितलं.

"हे कोण?"

"माझे काका."

"त्यांनी हे वाचलंय?"

"नाही. ते... ही पुस्तकं त्यांच्या आठवणीत दिलीत."

"मी दोनदा वाचलंय," लिस्बेत म्हणाली, "आणि आता तुम्ही कोल्हा फाडलात."

तो माणूस खाली बसला, तिथेच, छोट्या बाकावर, गुडघे हनुवटीला लागेपर्यंत. रुमालानं तोंड पुसलं. त्यानंतरही काम चालूच ठेवलं, कारण ट्रकवाला खाली भोंगा वाजवत होता. दुपारपर्यंत एकतीस झाली. एकतिसाव्याला लिस्बेतचंच नाव होतं. ती उठली, हजर म्हणाली, आणि मग गप्प. ते म्हणाले, "यात काय आहे, नाही सांगत?" ती म्हणाली, "तुम्ही नेताय ना? मग वाचा आणि तुम्हीच सांगा."

त्यांनी यादी मिटली.

जाताना दारात मला विचारलं, "मी काकूंना काय सांगू?" मी म्हटलं, "पाहिलंत ते." म्हणाले, "बाकीची न्यायला सोमवारी माणसं घेऊन येतो." मी म्हटलं, "या. सोमवारी दुपारी शाळा सुटल्यावर या. सकाळी आलात तर हजर म्हणायला कुणी नसेल." तीस पुस्तकं त्यांनी स्वतः दोन फेऱ्यांत खाली नेली. टेकडीवरचं एक माणूस हात लावायला पुढे झालं नाही. लिस्बेतचं ते एक मात्र बगलेतल्या पिशवीत ठेवलं, काकूंना पुरावा म्हणून.

सोमवार गेला, मंगळवारही गेला. आले नाहीत.

पण तीस पुस्तकं गेली, सेनोबिया, आणि इथे त्याचं कुणाला हसू येत नाही. ज्यांची गेली ती पोरं शाळा सुटल्यावर येतात आणि फळीवरच्या मोकळ्या जागेपाशी बसतात. मी ती जागा दुसऱ्या पुस्तकांनी भरलेली नाही. भरणारही नाही.

बेनिग्ना


माद्रिद
१६ सप्टेंबर १९९७

वहिनी,

मी रागावले नव्हते. घाबरले होते. जुलैमध्येच बाईंना सगळं सांगितलं, तुम्ही म्हणालात तसं. भिंतीवर नाव नाही, कधी नव्हतं, मी बनवून सांगितलं. त्यांनी ओरडावं म्हणून मी वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "स्वयंपाकघरात जा." मग महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मी बॅग भरून ठेवली होती. तुम्हाला कुठल्या तोंडानं लिहिणार?

इग्नासियो आले, त्यांनी ते निळं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि काकूंशी दार लावून बोलले. बाहेर येताना मला म्हणाले, "तुझी वहिनी भयंकर बाई आहे." पण वाईट अर्थानं म्हणाले असं मला वाटलं नाही.

ते पुस्तक आठवडाभर टेबलावर पडून होतं. बाई त्याला सोडून बाजूला जेवायच्या. मग एका सकाळी मी कॉफी घेऊन गेले तर त्या चष्मा लावून वाचत होत्या. तीस पानांचं तर आहे, दीपस्तंभावर चढून बसलेल्या शेळीची गोष्ट. सगळं गाव विनवतं, दटावतं, ती उतरत नाही. शेवटच्या पानावर तिला गवत दाखवतात आणि ती उतरते. वाचून झाल्यावर बाईंनी मला जवळ बोलावलं. "या मुलीनं शेवटच्या पानावर पेन्सिलनं 'नाही' असं लिहिलंय. का?" मी म्हटलं, मला काय माहीत, बाई. त्या म्हणाल्या, "मग विचार."

आणखीही बोलल्या. उरलेली पुस्तकं तिथेच राहू देत, मंडळाला त्या सांगतील. पुढची आठ खोकी हवी असतील तर फक्त एका पुस्तकावर आन्सेल्मो साहेबांचं नाव ठेवा. भिंत नको, फोटोही नको. कुठल्याही एका पुस्तकाच्या लेबलावर, तुमच्या पोरांसारखंच. त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज कसा होता ते मला लिहिता येत नाही.

एकच पुस्तक, वहिनी. बघा काय करायचं ते. मी या वेळी काही सांगत नाही.

तुमची,
सेनोबिया


सान ओनोरियो टेकडी, लिमा
८ ऑक्टोबर १९९७

आदरणीय कासिल्दाबाई,

आपली ओळख नाही. मी सेनोबियाची वहिनी. तिच्यामार्फत न लिहिता तुम्हालाच लिहिते, कारण आपल्या दोघींमध्ये तिला आधीच फार हेलपाटे घालावे लागले.

तुमच्या यजमानांचं नाव एकाही पुस्तकावर ठेवता येणार नाही. खोकी येवोत न येवोत. हे मी फार विचार करून लिहिते आहे. मीही विधवा आहे, माझा नवरा ही खोली बांधून गेला, त्याचंही नाव इथे कुठल्या पुस्तकावर नाही. आमच्याकडे ज्याचं नाव लेबलावर असतं त्याला पोरं प्रश्न विचारतात आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. आपली माणसं उत्तर देऊ शकत नाहीत. पोरं विचारत राहतील, कुणी बोलणार नाही, आणि मग ती विचारायचं सोडतील. ते मला चालणार नाही.

पण तुम्ही ते पुस्तक वाचलंत. तेव्हा तुमचं नाव ठेवता येईल.

मी लिस्बेतला विचारलं. पुस्तक तिचं आहे, तिच्या परवानगीशिवाय मला काही करता येत नाही. तिनं दोन दिवस विचार केला. म्हणाली, तिच्या नावाखाली तुमचं लिहायला हरकत नाही, पण पुस्तक आधी परत यायला हवं. शिवाय नन्सच्या शाळेत गेलेली तीसही. ती तीस मी मागणारच होते, पण अट तिनं घातली. ती तुम्ही पोचवाल असं मी धरून चालते. ती पोरं अजून मोकळ्या फळीपाशी बसतात.

"नाही" का लिहिलं, असं तुम्ही विचारलंत. लिस्बेत म्हणते, शेवट चुकीचा आहे. इतके दिवस जी उतरली नाही ती गवतासाठी उतरणार नाही. ज्यानं गोष्ट लिहिली त्याला शेळ्या माहीत नाहीत. तिच्या आजीकडे शेळ्या होत्या.

आता तिचे प्रश्न. तिनं सांगितले तसे लिहिते. शेळी दीपस्तंभावर चढली तेव्हा दार उघडं कुणी ठेवलं होतं? ती खाली उतरली त्या रात्री तिला झोप लागली का? आणि तुम्ही असता तर उतरला असतात का? तिसऱ्याचं उत्तर नीट द्या, असं तिनं मुद्दाम सांगितलंय.

पत्राला इकडे यायला तीन आठवडे लागतात, म्हणून मुदत दोन महिन्यांची धरली आहे. तोपर्यंत उत्तर आलं नाही, तर तुमचं नाव खोडून तिथे दुसऱ्या कुणाचं तरी घालू. इथे सगळ्यांना हाच नियम आहे.

आपली,
बेनिग्ना